घटस्फोटाची नोंद: धारवाड जिल्ह्यात शोध आणि दाखला

जन्म-मृत्यूंप्रमाणे घटस्फोटांची स्वतंत्र नोंदवही ठेवली जात नसल्यामुळे न्यायालयाचा हुकूमनामा, म्हणजे विवाह संपुष्टात आणणारा अंतिम लेखी आदेश, हाच घटस्फोटाचा खरा पुरावा ठरतो आणि त्याचा शोध महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नव्हे, तर निकाल देणाऱ्या न्यायालयातच घ्यावा लागतो. हिंदू विवाह अधिनियम, 1955 च्या कलम 19 नुसार विवाह जेथे झाला, पतिपत्नी जेथे शेवटचे एकत्र राहिले किंवा प्रतिवादी जेथे राहतो, तेथील न्यायालयात घटस्फोटाचा अर्ज करता येतो, म्हणून शोधही तेथूनच सुरू करावा. पत्नी अर्जदार असल्यास तिच्या स्वतःच्या निवासस्थानीही तो दाखल होतो, आणि हुबळी-धारवाडला माहेरी परतलेल्या स्त्रीसाठी 2003 च्या दुरुस्तीने आलेली ही तरतूद फार मोलाची आहे.

त्याच कायद्याचे कलम 23 दोन्ही पक्षांना हुकूमनाम्याची एक प्रत विनामूल्य देण्यास सांगते. ती हरवली असेल, तर दाव्याचा क्रमांक, वर्ष व पक्षकारांची नावे देऊन प्रमाणित नक्कल, म्हणजे न्यायालयाच्या शिक्क्यानिशी खरी ठरवलेली प्रत, शुल्क भरून मागता येते.

जुन्या प्रकरणांत मात्र इतिहास ध्यानात ठेवावा लागतो, कारण धारवाड जिल्हा 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत मुंबई राज्यात होता आणि 1955 पूर्वीचे हिंदू घटस्फोट मुंबईच्या 1947 च्या कायद्याखाली झालेले असू शकतात. निकाल अलीकडचा असल्यास अपिलाचाही विचार करावा लागतो: कौटुंबिक न्यायालयाच्या निकालावरील अपील उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाकडे जाते. पुनर्विवाहापूर्वी या अपिलाची मुदत संपली आहे, याची खात्री संबंधितांनी अवश्य करून घ्यावी.