अंटार्क्टिकाचा इवलासा पोशिंदा

पृथ्वीवर आजवर होऊन गेलेल्या प्राण्यांमध्ये सर्वांत प्रचंड मानला जाणारा जीव म्हणजे निळा देवमासा. शंभर टनांहून अधिक वजनाचा हा महाकाय प्राणी अंटार्क्टिकाच्या सागरात पोट भरतो ते बोटाएवढ्या एका जीवावर. त्याचे नाव क्रिल. कोळंबीसारखा दिसणारा, पाठीचा कणा नसलेला हा कवचधारी प्राणी लांबीला सुमारे ६ सेंटिमीटर व वजनाला जेमतेम २ ग्रॅम भरतो. पेंग्विन, सील, समुद्रपक्षी आणि मासे यांपैकी बहुतेकांचे भरणपोषण प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे त्याच्यावरच चालते.

एकटा क्रिल नगण्य. त्याचे सामर्थ्य संख्येत आहे. दाट झुंडीत एका घनमीटर पाण्यात १०,००० हून अधिक क्रिल असू शकतात. या एकाच जातीचे एकूण वजन ३० ते ५० कोटी टन असावे, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

त्याच्या जीवनाचा आरंभही विलक्षण आहे. मादीने सोडलेली हजारो अंडी शेकडो मीटर खोल अंधारात बुडत जातात. तेथे ती उबतात आणि अगदी इवलीशी पिले अन्नाच्या शोधात पुन्हा पृष्ठभागाकडे दीर्घ प्रवास करतात. उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारीत, दिवस फार मोठे असतात आणि पाण्यात सूक्ष्म वनस्पतींचे पीक येते. क्रिल आपल्या पुढच्या पायांची जणू चाळण करून ते गाळून खातो.

खरी कसोटी हिवाळ्यात लागते. उन्हाळ्याअखेर सुमारे ३० लाख चौरस किलोमीटर उरलेला सागरी बर्फ हिवाळ्यात वाढून सुमारे १ कोटी ८० लाख चौरस किलोमीटरपर्यंत पसरतो. सूर्यप्रकाश फार कमी होतो, पाण्यातील अन्न आटते. अशा काळात प्रौढ क्रिल साठवलेल्या चरबीवर तगतो; एवढेच नव्हे, तर कात टाकताना पूर्वीपेक्षा लहान कवच धारण करून आपला देहच आक्रसून घेतो. प्रयोगशाळेत तो अन्नाविना २०० हून अधिक दिवस जगल्याची नोंद आहे. पिलांजवळ मात्र अशी शिदोरी नसते. बर्फाच्या खालच्या अंगाला चिकटलेले शेवाळ खरवडून खाणे, हाच त्यांचा पहिल्या हिवाळ्यातील मोठा आधार. बर्फाचे छत त्यांच्यासाठी घरही आहे आणि शेतही.

तेच छत आता डळमळू लागले आहे. १९७९ पासूनच्या उपग्रह-नोंदींत अंटार्क्टिकाच्या हिवाळी बर्फाचा कमाल विस्तार २०२३ मध्ये सर्वांत कमी ठरला.

दुसरे संकट जाळ्यांचे आहे. १९७० च्या दशकात सोव्हिएत जहाजांनी मोठ्या प्रमाणावर क्रिल पकडण्यास आरंभ केला. पुढे १९८० मध्ये कॅनबेरा येथे तेथील सागरी जीवांच्या रक्षणासाठी आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याचे कामकाज पाहणारा आयोग टास्मानियातील होबार्ट येथे असून भारतही त्याचा सदस्य आहे. दक्षिण अटलांटिकच्या बाजूस वर्षाकाठी ६ लाख २० हजार टनांची मर्यादा त्याने ठरवली. तेथील अंदाजे ६ कोटी टन साठ्याच्या तुलनेत हे प्रमाण जेमतेम एक टक्का होय.

मग चिंता कशाची? गावात धान्य मुबलक असले, तरी एकाच पेठेतील सारा माल उचलला गेला, तर त्या पेठेवर विसंबलेली घरे उपाशीच राहतात. पिलांना भरवणारा पेंग्विन घरट्यापासून फार दूर जाऊ शकत नाही. आणि जहाजेही नेमकी किनाऱ्यालगतच्या दाट झुंडींपाशी गोळा होतात. म्हणूनच ही मर्यादा चार विभागांत वाटून दिलेली होती. आयोगात निर्णय सर्वसंमतीने होतात. २०२४ मध्ये अशी संमती न झाल्याने ती वाटणी संपुष्टात आली. पुढच्याच हंगामात, ऑगस्ट २०२५ मध्ये, संपूर्ण मर्यादा मुदतीपूर्वीच गाठली गेली आणि मासेमारी थांबवावी लागली. असे प्रथमच घडले. एकूण आकडा पाळला गेला, पण माल कोठून उचलावा याचे बंधन उरले नव्हते.

पकडलेला क्रिल मुख्यतः मत्स्यपालनातील खाद्यासाठी वापरला जातो. काही भागाचे तेल ‘ओमेगा-३’ च्या कॅप्सूलमध्ये जाते. क्रिलच्या अंगातील हे स्निग्धद्रव्य मुळात त्याने खाल्लेल्या सूक्ष्म शेवाळातून येते, आणि अशा शेवाळापासून थेट काढलेले तेलही बाजारात मिळते. शाकाहारी कुटुंबांनी अशी डबी घेताना तेलाचा स्रोत वाचून पाहावा. घरातील औषधांच्या कपाटाचा त्या दूरच्या हिमसागराशी संबंध कसा जुळतो, हे त्या बारीक अक्षरांतून कळते.