एक वाऱ्यात थांबते, एक समुद्र ओलांडतो

थंडीत डोंबिवलीजवळच्या भोपर टेकडीकडे किंवा कल्याणहून मलंगगडाच्या वाटेला गेलात, तर मोकळ्या गवतावरच्या आभाळात नीट बघा. कबुतराएवढा तपकिरी पक्षी हवेत एकाच जागी थांबलाय? शेपटी पंख्यासारखी उघडलीये, पंख फडफडतायत, पण डोकं जराही हलत नाही? मग ती नक्की खरुची!

तिला हे जमतं कसं? ती वाऱ्याकडे तोंड करते आणि वारा जितक्या वेगाने येतो, तितक्याच वेगाने पुढे उडते. त्यामुळे जागच्या जागी राहते! अंग हेलकावलं, तरी मान ते सांभाळून घेते आणि नजर खाली खिळलेली राहते. गवतात उंदीर, सरडा किंवा नाकतोडा हलला रे हलला, की झडप!

आता तिच्या भाऊबंदाला भेटू या. आमूर ससाणा खरुचीहूनही थोडा लहान, वजन जेमतेम दीडशे ग्रॅम. रशिया आणि चीनमधल्या आमूर नदीच्या मुलखात तो पिल्लं वाढवतो आणि थंडीसाठी थेट दक्षिण आफ्रिका गाठतो. वाटेत नागालँडमध्ये दोयांग जलाशयाजवळ त्याचे प्रचंड थवे उतरतात. २०१२ साली तिथे त्यांची बेसुमार शिकार झाली. पुढच्याच वर्षी गावकऱ्यांनी ती थांबवली! २०१३ मध्येच शास्त्रज्ञांनी तीन ससाण्यांच्या पाठीवर इवलीशी उपग्रह-यंत्रं बसवली. या ससाण्यांची नावं नागा, वोखा आणि पांगती. त्यावरून कळलं, की हे पक्षी भारत ओलांडून अरबी समुद्रावर झेपावतात आणि न थांबता पार आफ्रिकेला पोचतात. समुद्रावर ते खातात काय? त्याच दिशेने निघालेले चतुर खात असावेत, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

नोव्हेंबर-डिसेंबरात हे पाहुणे महाराष्ट्रावरून जातात, लोणावळ्याच्या पठारांवर विसावतात. मग दोघांना ओळखायचं कसं? पक्षी बसलेला असताना दुर्बिणीतून पंखांची टोकं बघा. आमूरचे लांब पंख शेपटीच्या टोकापर्यंत पोचतात, खरुचीचे अलीकडेच थांबतात. मग पाय बघा. खरुचीचे पिवळे, नखं काळी. पूर्ण वाढलेल्या आमूरचे पाय नारिंगी-लाल, नखं फिकट.

आणि हो, दोघांनाही किडे लागतात, आणि किड्यांना गवत लागतं. म्हणून गावाबाहेरच्या माळाला कुणी ‘नुसती रिकामी जागा’ म्हणालं, तर तिथे कोण कोण जेवतं, ते त्यांना जरूर सांगा!