अहेरी ते नागपूर : हवाई अंतर आणि रुग्णाचा वेळ

नकाशावर अहेरीपासून नागपूरच्या विमानतळापर्यंत सरळ रेघ ओढली, तर ती सुमारे २१० किलोमीटर भरते. ताशी सव्वादोनशे किलोमीटर वेगाच्या हेलिकॉप्टरला हे अंतर तासाभराचे. आष्टी, चामोर्शी, गडचिरोली अशा रस्त्याने तेच पावणेतीनशे किलोमीटरच्या पुढे जाते आणि रुग्णवाहिकेला पाच-सहा तास लागले, तरी नवल नाही.

पण अंतराला वेगाने भागून येणारे उत्तर फसवे असते. मुंबई-नागपूर हवाई अंतर सातशे किलोमीटरच्या आतच आहे. ताशी आठशेच्या वेगाने ते तासाभरात संपायला हवे; वेळापत्रकात मात्र दीड तास लिहिलेला असतो. धावपट्टीपर्यंत जाणे, चढणे, उतरणे यांत बाकीचा वेळ जातो. रुग्णाच्या बाबतीत तर घड्याळ उड्डाणाच्या कितीतरी आधी सुरू झालेले असते.

मण्यारचे उदाहरण घ्या. हा साप बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. दंश फारसा दुखत नाही, सूजही नसते. पोटात दुखते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही, तेव्हा घरच्यांच्या लक्षात येते. पुढे श्वासाचे स्नायू लुळे पडतात. अंधारात, जंगलातल्या साध्या हेलिपॅडवर हेलिकॉप्टर उतरवणे धोक्याचे; म्हणजे ज्या वेळी ते सर्वांत जास्त हवे, नेमके त्याच वेळी ते मिळणे कठीण. अशा रुग्णाला प्रतिसर्पविषाची लस जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा अहेरीच्या उपजिल्हा रुग्णालयातच मिळायला हवी. श्वास मंदावला, तर रबरी फुग्याने श्वास देत-देतच त्याला पुढे न्यायचे. हा फुगा दाबता येणारा माणूस रुग्णवाहिकेत असणे हे गाडीच्या वेगापेक्षा मोलाचे आहे. मांत्रिकाकडे गेलेला तास मात्र कोणतेही वाहन भरून काढत नाही.

हवाई मार्गाची खरी गरज पावसाळ्यात कळते. पर्लकोटेला पूर आला की भामरागड तुटते. एरवी तिथून गडचिरोली रस्त्याने पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. सरळ रेषेत जेमतेम शंभर. अडलेल्या बाळंतिणीसाठी किंवा प्रसूतीनंतर रक्तस्राव न थांबणाऱ्या बाईसाठी तो अर्धा तास म्हणजे जीव. तरीही निघण्यापूर्वी शिरेत सलाईन, प्रसूतीनंतर रक्तस्राव होत असेल तरच गर्भाशय आकसण्याचे औषध आणि पोहोचण्याच्या ठिकाणी रक्ताची तयारी हवीच. छातीत हवा साठलेल्या जखमीला नळी घातल्याशिवाय विमानात चढवू नये. उंचीवर दाब कमी झाला की ती हवा फुगते आणि फुप्फुस आणखी दाबले जाते. हेलिकॉप्टर खालून उडते म्हणून हा धोका कमी, पण शून्य नव्हे.

बाबा आमटे यांनी १९७३ मध्ये हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हा तिथे धड रस्ताही नव्हता. उपचारच रुग्णांच्या जवळ आले. दिवस भरत आलेल्या बाईला पूर येण्याआधीच दवाखान्याजवळच्या नातेवाइकांकडे आणून ठेवणे हाही त्याच जातीचा उपाय आहे, आणि त्याला हेलिपॅड लागत नाही.