‘पळपुटा’ : एका विशेषणाचा इतिहास

काही विशेषणे नामाला अशी चिकटतात की ती पुढे नामाचाच भाग होऊन जातात. दुसऱ्या बाजीरावाच्या नावामागे ‘पळपुटा’ हा शब्द असाच येऊन बसला आहे. वसईच्या तहाचे साल विसरलेल्या माणसालाही हे विशेषण मात्र आठवते. वस्तुतः हा शब्द वर्णनाचा नव्हे, निवाड्याचा आहे. तो निवाडा प्रथम कोणी मांडला आणि आपण तो इतक्या सहजपणे का स्वीकारला, हे तपासणे इतिहासकाराइतकेच वाङ्मयाच्या अभ्यासकाचेही काम आहे. कारण जाहीरनामा, ग्रंथ, भाषांतर आणि वाक्प्रचार अशा वाङ्मयीन वाटांनीच त्याचा प्रवास झाला आहे.

आरंभ युद्धातला आहे. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली. त्याच महिन्यात पुणे इंग्रजांच्या हाती गेले. परंतु पेशवा हाती लागला नव्हता आणि त्याची फौज त्याच्याबरोबर होती. सातारा घेतल्यावर ११ फेब्रुवारी १८१८ रोजी एल्फिन्स्टनने जो जाहीरनामा काढला, तो या परिस्थितीत वाचला पाहिजे. बाजीरावाने विश्वासघात केला, इंग्रजांनी पुन्हा गादीवर बसविल्याचे उपकार तो विसरला, म्हणून त्याला व त्याच्या घराण्याला दक्षिणेच्या राज्यकारभारातून कायमचे दूर केले आहे, असे त्यात सांगितले होते. त्याबरोबरच धर्म, वतने आणि इनामे यांना अभय दिले होते; मात्र बाजीरावाच्या चाकरीतील लोकांनी ठराविक मुदतीत घरी परतले पाहिजे, ही अट होती. जाहीरनाम्याचा खरा हेतू या अटीत आहे. धन्याची निंदा करून चाकरांची पांगापांग करणे, हे त्या लेखनाचे कार्य होते. ते युद्धातले एक हत्यार होते.

या हत्याराची घडण पाहण्यासारखी आहे. १८१५ मध्ये पंढरपुरास गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा खून झाला, तेव्हा इंग्रजांनी अधिकृतपणे दोष ठेवला तो त्रिंबकजी डेंगळ्यांवर. १८१८ च्या जाहीरनाम्यात मात्र लोकप्रवादाचा आधार घेऊन बोट पेशव्याकडे वळविले आहे. बाजीरावाचा त्या खुनात हात असेलही; पण लोकप्रवाद पुराव्याच्या जागी कसा बसविला जातो, ते येथे उघड दिसते.

युद्ध संपले म्हणजे असे लेखन कालबाह्य व्हावयास हवे. ते झाले नाही. कारण ते ग्रंथात शिरले. एल्फिन्स्टनच्या हाताखाली काम केलेल्या आणि साताऱ्यास राजकीय अधिकारी म्हणून राहिलेल्या ग्रँट डफने आपला मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये प्रसिद्ध केला. त्याने कागदपत्रे परिश्रमपूर्वक जमविली होती, हे मान्य केले पाहिजे. तथापि शेवटच्या प्रकरणांतील संघर्षात तो स्वतः विजयी पक्षाचा अधिकारी होता. पुढे डेव्हिड केपन आणि बाबा साने यांनी या ग्रंथाचे मराठी भाषांतर केले आणि त्याला नाव मिळाले ‘मराठ्यांची बखर’. भाषांतरकाराच्या दृष्टीने हा शब्द साधा नाही. बखर म्हटली की सांगणारा आपल्यातलाच, दरबार पाहिलेला, अशी वाचकाची समजूत असते. परक्या अधिकाऱ्याचे मत या एका शब्दाने घरच्या माणसाच्या साक्षीचा वेष घेऊन आले. हा ग्रंथ शाळांतून शिकविला गेला आणि तेच मत मराठी मुलांचा पाठ झाले.

१८६७ मध्ये नीलकंठ जनार्दन कीर्तने या तरुण अभ्यासकाने या बखरीवर पुण्यात टीकात्मक निबंध वाचला. मराठी इतिहाससंशोधनाचा एक प्रवाह त्या टीकेपासून सुरू झाला. पुढे राजवाडे, खरे, सरदेसाई यांनी कागदपत्रांचे खंडांमागून खंड प्रसिद्ध केले. तरीही विशेषण ढळले नाही. याचे कारण केवळ जेत्यांच्या सामर्थ्यात शोधून भागणार नाही. आरोपपत्र साहेबाचे असले तरी ‘पळपुटा’ हा शब्द मराठी आहे. आपण तो आनंदाने वापरला. एक मनुष्य भित्रा होता म्हणून राज्य गेले, असे म्हटले की शिंदे-होळकरांचे वैर, सरदारांची फितुरी, कर्जबाजारी कारभार आणि तोफखान्यातील मागासलेपणा या सर्वांचा हिशेब देण्यातून सुटका होते. पराभूतांना सोयीची असलेली निंदाच जेत्यांच्या प्रचाराला दीर्घायुष्य देते.

बाजीरावाचे समर्थन करण्याचा येथे हेतू नाही. १८०२ मध्ये होळकरापुढे पुणे सोडून त्याने वसईस इंग्रजांचा आश्रय घेतला. महालांचे मक्ते देऊन त्याने रयतेला लुबाडू दिले. अष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले आणि पेशवा निसटला. हे सारे खरे आहे. पण नोव्हेंबर ते जून असे सात महिने अनेक फौजांचा पाठलाग चुकविणे हे केवळ पळणे होते काय? राजाराम महाराज जिंजीस गेले, त्याला आपण पळ म्हणत नाही. दोघांची योग्यता निराळी असेल. परंतु एकाच हालचालीला यशापयशावरून दोन नावे मिळतात, हेही खरे. ३ जून १८१८ रोजी तो माल्कमच्या स्वाधीन झाला, तेव्हा त्याला सालिना आठ लाखांची नेमणूक मिळाली. ती फार झाली, असे गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जला वाटले. युद्ध लांबविण्यापेक्षा हे बरे, अशी माल्कमची बाजू होती. ज्याला जाहीरनाम्याने निकालात काढले होते, त्याच्या शरणागतीची किंमत जेत्यांनीच अशी ठरविली.

त्याच्या दत्तक पुत्राच्या, नानासाहेबांच्या, वाट्याला याहून भडक चित्र आले. १५ जुलै १८५७ रोजी कानपुरास बंदिवान स्त्रिया व मुले यांची कत्तल झाली, ही घटना निर्विवाद आणि भीषण आहे. पण तिच्याभोवती विटंबनेच्या ज्या कथा पसरल्या, त्यांना इंग्रज अधिकाऱ्यांच्याच चौकशीत आधार सापडला नाही. भिंतींवरील सूडाचे लेख मृत स्त्रियांचे नसून मागाहून आलेल्या शिपायांनी लिहिले होते, हे ट्रेव्हेलियनने १८६५ मध्येच नमूद केले. खुलासा ग्रंथात राहिला. कथा मात्र कादंबऱ्यांतून युरोपभर गेली, आणि १८८० मध्ये ज्यूल व्हेर्नच्या कादंबरीत नानासाहेब खलपुरुष म्हणून अवतरले.

दिल्लीच्या रिजवर १८५७ च्या वेढ्यातील इंग्रज पक्षाच्या फौजेचे स्मारक आहे. त्यावरील लेखांत ‘शत्रू’ हा शब्द दिल्लीच्या बंडवाल्यांसाठी आला आहे. १९७२ मध्ये तो लेख खोडून न काढता शेजारी दुसरा फलक लावण्यात आला आणि हा ‘शत्रू’ म्हणजे परकीय सत्तेविरुद्ध लढलेले लोक होत, असे सांगितले गेले. चांगल्या भाषांतरकाराची टीप अशीच असते : मूळ शब्द राहू द्यावा, पण तो कोणाच्या तोंडचा आहे हे सांगावे. अर्थात दुसरा फलकही एका पक्षाचाच आहे. खलपुरुषाच्या जागी हुतात्मा बसविला म्हणून संशोधन पुरे होत नाही.

पाठ्यपुस्तकांतून ‘पळपुटा’ काढून त्याजागी ‘दुर्दैवी’ घातल्याने म्हणूनच काही साधणार नाही. विशेषणाऐवजी वसईचा तह, मक्त्यांची पद्धत, साताऱ्याचा जाहीरनामा, अष्टी आणि आठ लाखांची नेमणूक ही क्रमाने सांगावी. त्यावरून वाचक देईल तो निवाडा कदाचित आजच्याहून कठोरही ठरेल. पण तो एल्फिन्स्टनच्या छावणीतून आलेला नसेल.