आधी प्रसंग, मग वाक्प्रचार

लॉस एंजेलिसला लागून असलेल्या ग्लेंडेल शहराची वस्ती सुमारे दोन लाख, आणि त्यातले एक तृतीयांशाहून अधिक लोक आर्मेनियन वंशाचे. कुणी येरेवानहून आलेले, कुणी तेहरानहून, कुणी बैरुत किंवा अलेप्पोहून. बेकरी, बँक, दवाखाना, सगळीकडे आर्मेनियन चालते, त्यामुळे उतारवयात मुलांकडे आलेल्या माणसाचं इंग्रजीवाचून फारसं अडत नाही. अडतं ते नातवंडांच्या शाळेत, इस्पितळात आणि फोनवर. अशा मंडळींच्या संभाषणवर्गात मी शिकवायला जाते. साधी वाक्यं त्यांना जमतात. घाम फोडतात ते रोजचे वाक्प्रचार.

त्यातही पुस्तकातले शोभिवंत वाक्प्रचार नव्हेत. मुसळधार पावसाला कुत्री-मांजरं जोडणारं इंग्रजी इथे क्वचितच कानावर येतं. दिवसभर ऐकू येतं ते 'पिक अप', 'ड्रॉप ऑफ', 'रन आउट', 'हँग ऑन'. नातीला शाळेतून 'पिक अप' करायचं, दुकानातून औषध 'पिक अप' करायचं आणि वाजणारा फोनही 'पिक अप'च करायचा. मराठीसारखेच आर्मेनियनमध्येही नामाला विभक्तीचे प्रत्यय लागतात. इंग्रजीत मात्र 'अप', 'ऑफ' असा छोटा शब्द क्रियापदाचा जोडीदार होतो, आणि सर्वनाम आलं की दोघांमध्ये त्याला जागा करून द्यावी लागते. 'पिक अप हिम' चालत नाही, 'पिक हिम अप' म्हणावं लागतं. नियम सांगून हे बसत नाही, तोंडात घोळवावं लागतं.

एका बाबतीत मात्र त्यांची भाषाच मदतीला धावते. आर्मेनियन शब्दात आघात बहुधा शेवटी येतो. त्यामुळे 'ड्रॉप ऑफ' म्हणताना त्यांचा जोर आपसूक 'ऑफ'वर पडतो, आणि क्रियापद म्हणून वापरताना इंग्रजीलाही तो तिथेच हवा असतो. शाळेसमोर मुलांना सोडायच्या जागेला 'ड्रॉप-ऑफ' म्हणायचं, तेव्हा मात्र जोर पुढे 'ड्रॉप'वर आणायचा. टेबलावर बोटाने ठेका धरून आम्ही हा फरक पक्का करतो.

ग्युमरीहून आलेल्या एक आजी वर्गात येतात. गुडघ्यावरच्या सुजेबद्दल डॉक्टरांनी त्यांना 'कीप ॲन आय ऑन इट' असं सांगितलं होतं. डोळ्यांचं काही दुखणं निघालं की काय, या काळजीत त्या होत्या. मी अर्थ समजावण्याऐवजी विचारलं, "चुलीवर दूध आहे आणि तुम्ही बाहेर निघालात, तर सुनेला काय सांगाल?" त्या चटकन म्हणाल्या, "आच्कद वरान लिनी." तुझा डोळा त्यावर असू दे! बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं आणि चेहरा उजळला. मग फक्त 'ॲन' गाळायचा नाही, एवढंच शिकवायचं उरलं.

सगळे वाक्प्रचार असे जुळत नाहीत. थट्टा करण्याला इंग्रज पाय ओढणं म्हणतो. आर्मेनियन माणूस 'द्झेर आर्नेल', म्हणजे शब्दशः 'हात घेतो'. आपण मराठीत फिरकी घेतो, आणि आपल्याकडे पाय ओढतो तो माणूस वाईटावरच टपलेला असतो. अशा वेळी शब्दाला शब्द लावत बसलं तर घोटाळा ठरलेलाच. म्हणून आमच्या वर्गात वाक्प्रचार शेवटी येतो. आधी प्रसंग, मग त्या प्रसंगी तुमच्या घरी काय म्हणतात ते, आणि त्यानंतर इंग्रजी. कोण कुणाला म्हणतो, हेही तिथेच बोलायचं. कारण मित्राची फिरकी घेण्याचं बोलणं बँकेतल्या अधिकाऱ्याशी शोभत नाही.

काही बोलांना इंग्रजीत जोडच नाही. 'त्साव्द तानेम', म्हणजे तुझं दुखणं मी घेऊन जाईन. आर्मेनियन माणूस हे नातवाला म्हणतो, शेजारणीला म्हणतो, भाजीवाल्यालाही म्हणतो. कानशिलावर बोटं मोडून अलाबला घेणारी मराठी आजी त्याचा अर्थ क्षणात ओळखेल. आजारी शेजाऱ्याला धीर देताना इंग्रजीत 'हँग इन देअर' म्हणतात; ते मी शिकवते. पण त्यासाठी 'त्साव्द तानेम' सोडा, असं कधीच सांगत नाही. ते आर्मेनियनमध्येच म्हणावं आणि शेजाऱ्याला अर्थही सांगावा.

'अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा' हा प्रश्न आपण सगळ्यांनी शाळेत सोडवला आहे. त्यात गुण मिळतात, बोलणं येत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना इंग्रजी शिकवत असाल, तर वाक्प्रचारांची यादी हातात देऊ नका. दूध उतू जाण्याचा, नातीला आणण्याचा, फोन उचलण्याचा प्रसंग द्या आणि आधी विचारा, "अशा वेळी तुम्ही काय म्हणता?" त्यांची भाषा त्यांना अर्ध्या वाटेपर्यंत आणून सोडते. पुढची अर्धी वाट आपण सोबत करायची.