‘तू हुशारच आहेस!’ या कौतुकात गडबड कुठे होते?

आजचा भाग कौतुकावर. टोमणे नाहीत, ट्रोलिंग नाही, चक्क कौतुक. कारण कौतुकानेही नुकसान होतं, आणि हे काही फक्त माझं मत नाही.

क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत पाचवीतल्या मुलांवर प्रयोग केले होते. ते 1998 साली प्रसिद्ध झाले. मुलांना आधी जमतील अशी कोडी दिली आणि शाबासकी दिली. काहींना म्हटलं, ‘तू हुशार आहेस’. काहींना म्हटलं, ‘तू मेहनत घेतलीस’. बास, एवढाच फरक. मग मुद्दाम अवघड कोडी दिली, त्यात सगळेच आपटले. नंतर परत पहिल्यासारखी कोडी दिली, तर ‘हुशार’ मुलांचे गुण आधीपेक्षा घसरले आणि ‘मेहनती’ मुलांचे वाढले.

खरा धक्का पुढे आहे. दुसऱ्या शाळेतल्या अनोळखी मुलाला आपले गुण लिहून कळवायचे होते, तेही निनावी. ‘हुशार’ गटातल्या साधारण 38 टक्के मुलांनी गुण फुगवून लिहिले. ‘मेहनत’ गटात हे प्रमाण 13 टक्के होतं. पाचवीतली पोरं हो!

असं का? चांगले गुण म्हणजे हुशार, तर मग कमी गुण म्हणजे ढ, नाही का? एकदा लेबल चिकटलं की ते सांभाळत बसावं लागतं. (नंतरच्या सगळ्या अभ्यासांत परिणाम इतका ठळक दिसलेला नाही, त्यामुळे याला मंत्र समजू नका.)

आमच्या आयटीत हे रोज दिसतं. नवीन आलेल्या पोराला पहिल्याच महिन्यात ‘रॉकस्टार’ म्हणायचं. मग तो एररवर दोन दिवस अडकला तरी कुणाला विचारत नाही. रॉकस्टार कसा विचारणार? त्यापेक्षा ‘त्या क्वेरीला तू इंडेक्स लावलास म्हणून पेज पटकन उघडतंय’ एवढं म्हणा ना. त्याला कळतं की नेमकं काय जमलं, आणि उद्या अडला तरी इज्जत जात नाही.

आणि ‘हे तुझ्याशिवाय कुणाला जमणारच नाही’ हे वाक्य शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता आलं, तर ते कौतुक नाही. तुम्हाला हरभऱ्याच्या झाडावर चढवतायत. वीकेंड गेला समजा.

अतिकौतुकाची पण एक गंमत आहे. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नेदरलँड्समधल्या संशोधकांनी मुलांना व्हॅन गॉगच्या रानगुलाबांचं चित्र काढायला लावलं. काहींना ‘सुंदर’ म्हटलं, काहींना ‘अफाट सुंदर’. ज्यांचा स्वतःवर विश्वास कमी होता, त्यांनी ‘अफाट’ ऐकल्यावर पुढचं चित्र सोपं निवडलं. आणि आपण नेमकं अशाच मुलांचं जास्त चढवून कौतुक करतो, धीर यावा म्हणून.

आता कौतुक घेण्याबद्दल. ‘ड्रेस छान आहे गं!’ ‘छे, जुनाच आहे, सेलमधला.’ आपण सगळे हेच करतो. थोडी दृष्ट लागायची भीती, थोडं ‘चढलीय’ असं कुणी म्हणेल याची. पण समोरच्याने मनापासून काहीतरी बघितलेलं असतं, आणि आपण त्याला सांगतो की तुझं बघणंच चुकलं. चार वेळा असं झालं की तो पाचव्यांदा बोलत नाही.

पुढच्या वेळी ‘थँक्यू, बरं वाटलं’ म्हणा आणि गप्प बसून बघा. पहिले दोन सेकंद भयंकर ऑकवर्ड जातात, हे आधीच सांगून ठेवतो.