४० कंठ आणि एक तबकडी

श्रोतेहो, आपले कान एका गळ्याच्या गाण्यावर पोसलेले. इंग्लंडातील ट्यूडर काळचे प्रार्थनासंगीत मात्र अनेक गळ्यांचे, आणि प्रत्येक गळ्याची चाल निराळी. टॉमस टॅलिस (मृत्यू १५८५) याची ‘स्पेम इन आलियम’ ही लॅटिन रचना घ्या. पाच-पाच गायकांचे ८ वृंद, म्हणजे ४० स्वतंत्र चाली! सूर एका वृंदाकडून दुसऱ्याकडे सरकत जातो, आणि मधूनच ४० गळे एकदम उसळतात.

ध्वनिमुद्रणाची कसोटी येथेच लागते. १९८५ साली टॅलिस स्कॉलर्स या वृंदाने ही रचना मुद्रित केली. परंतु चहूकडून येणारा हा नाद घरातल्या दोन ध्वनिक्षेपकांत कसा मावावा? कॅनडाच्या जॅनेट कार्डिफ यांनी २००१ साली यावर तोड काढली. प्रत्येक गळा वेगळा मुद्रित करून त्यांनी ४० ध्वनिक्षेपक श्रोत्याभोवती मांडले. मध्यभागी उभे राहा, समुदाय ऐकू येतो. एकापाशी जा, एकच माणूस गात असतो.

घरी तबकडी ऐकतानाही हेच करावे. प्रथम एकच गळा कानाने धरावा, तो हरवला तर दुसरा धरावा. जो गोंगाट वाटत होता, तो हळूहळू संवाद वाटू लागतो.